पुसलेलं तोंड

८ जून २०२५, आखाडा बाळापूर

आलो एकदाचे. परभणीहून छोटा हत्ती सकाळी सातला निघाला आणि अकराच्या आत इथं दारात उभा राहिला. ड्रायव्हरला वाटेत दोनदा सांगितलं की मागचं डावं चाक बोलून राहिलंय, बेअरिंग बघ. तो हसला. वसमतच्या अलीकडं त्यालाच उतरून चाकाला हात लावावा लागला. माझे कान असे आहेत. चौदाव्या वर्षापासून मोंढ्याबाहेर ट्रकांवर नंबर रंगवत बसलो. पाठीमागून येणारी गाडी न बघता ओळखायची सवय तिथं लागली. माणसंही पावलांवरून ओळखतो. पल्लवी म्हणते, तुझ्या घरात चोरी करायची तर चोरानं अनवाणीच यावं, आणि श्वासही घेऊ नये.

तिची बदली झाली म्हणून आलो. ती नर्स आहे, अक्कू चौथीत आहे, आणि माझं दुकान एका सुटकेसमध्ये मावतं.

घर चांगलं आहे. दोन खोल्या, मागं पत्र्याची पडवी. पडवीत उत्तरेचा उजेड पडतो, आणि रंगाच्या माणसाला तेवढं मिळालं की बस. घरमालकीण गोजरबाई शेजारच्याच घरात मुलासोबत राहते. सत्तरीची असेल, डावं पाऊल घासत चालते. तिनं आडनाव विचारलं, मी सांगितलं. ती थोडं थांबली आणि म्हणाली, चहात साखर किती टाकू. घर मी तिथंच पक्कं केलं.

माझा धंदा समजावताना मात्र घाम फुटला. बाहुल्या विकता का, असं तिनं विचारलं. म्हटलं, विकत नाही मावशी, त्यांची तोंडं रंगवतो. मग त्यांना तोंडं नसतात का? असतात, पण कारखान्यातली, सगळ्यांची एकसारखी. ती पुसून मी खऱ्या माणसासारखी काढतो. आणि हे पोरीबाळी घेतात? नाही, पुण्या-बंगळुरातली मोठी माणसं घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. त्यावर ती म्हणाली की शहरात मान्सं लई एकटी पडली म्हणायची. आठ वर्षं मी हे काम करतो, पण इतक्या थोडक्यात मलाही सांगता आलं नव्हतं.

फ्लेक्स आला आणि बोर्ड रंगवणारे उपाशी पडले, त्या वर्षी मी मोबाइलवर एका बाईला बाहुलीचं तोंड पुसताना पाहिलं. जवळची शेवटची नोट मोडून एक बाहुली मागवली. गुरू कोणी नाही. जे आलं ते हातानं आलं.

१९ जून

बस्तान बसलं. कुरिअर वारंगा फाट्यावरून जातं, आठवड्यातून एक चक्कर पुरते.

पुण्याच्या निलम मॅडमनी एक म्हातारी बाहुली मागितली आहे. त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक, हौशी बाई, बोलतात गोड. मी फोटो बघून काम करत नाही. फोटोतला माणूस गप्प असतो, आणि तोंड कळतं ते बोलताना. त्यामुळं माणूस समोर बसवावा लागतो. गोजरबाईला विचारलं तर ती पदर तोंडावर घेऊन हसली. म्हणाली की माझं थोबाड घेऊन कोन काय करंल हो पेंटर, लेकरांना भ्याव दाखवायला नेत असतील तर न्या.

पाच दिवस सकाळी येऊन बसली. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, डाव्या भुवईत विळ्याची जुनी खूण, हसली की वरचा ओठ एका पडक्या दातापाशी अडकतो. आधी मॅट स्प्रेचा थर, त्यावर खडूची पूड, मग टोकदार पेन्सिल, पुन्हा स्प्रे, असे सात थर. ती बोलत राहायची आणि माझा हात तिच्या बोलण्यामागं चालायचा. शेवटी डोळ्यांवर चकाकी दिली. ती बाहुलीकडं बघून म्हणाली, ही तर मीच हाये, हिला भाकरी थापता येती का विचारा.

बदल्यात तिनं काम दिलं. घरच्या महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे फडक्यात बांधून आणले. रंग उडालाय, सणाच्या आत हात फिरवून द्या म्हणाली. आमच्या घरात हे नसतं, पण काम ते काम. मी सवयीनं कापूस ओला केला तर तिनं माझं मनगट धरलं. तिच्या सासूनं आणि तिच्याही सासूनं रंगावर रंग चढवला, मुखवटा भाकरीएवढा जाड झाला, पण पुसला कुणी नाही. मी विचारलं, काहून? ती म्हणाली की पुसलेलं तोंड जाईल कुठं मग.

बोर्डाच्या धंद्यात पहिला धडा असतो, जुना रंग खरवडल्याशिवाय नवा धरत नाही. तसं तिला सांगितलं. पण म्हातारीचं मन मोडवेना. वरूनच रंग दिला. बराबर बसला.

७ जुलै

निलम मॅडमना म्हातारी आवडली नाही. बाहुली परत आली. काम सुंदर आहे, पण कपाटात इतकी सुरकुतलेली बाई बघून उदास वाटतं, म्हणतात. तीच बाहुली पुसून तरुण मुलगी करून द्या, आणि तोवर एक लहान मुलगी पाठवा. गिऱ्हाईकाशी मी वाद घालत नाही. वाद घालणारे पेंटर आज चहाच्या टपरीवर बसलेत.

लहान मुलीसाठी अक्कू बसली. दोन रविवार. तिला गप्प बसवत नाही, आणि मला ती गप्प नकोच होती. उजव्या गालावर कांजण्यांची एक खळी, खालच्या ओठाला मध्ये चीर, आणि मनात काही लबाडी आली की डावी भुवई आधी वर जाते. ती भुवई मी एकेक केस करून काढली. असं काम माझ्या हातून झालं नव्हतं, पुन्हा होईल असं वाटत नाही.

पल्लवी ड्युटीवरून आली, टेबलापाशी उभी राहिली. मग रुमाल घेऊन बाहुलीच्या खांद्यावर टाकला. पंखा लागतोय तिला, असं म्हणाली. आणि स्वतःच हसली.

आज फाट्यावर जाऊन पार्सल दिलं.

११ जुलै

सकाळी म्हातारी बाहुली पुसायला घेतली. नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घ्यायचं आणि कपाळापासून खाली यायचं. ओला कापूस बाहुलीच्या तोंडावरून जाताना चुईं चुईं वाजतो. मला तो आवाज आवडतो, पाटी कोरी करण्याचा.

शेजारी गोजरबाई अंगणात कुणावर तरी तोंड टाकत होती. शेळीनं हळदीचं रोप तुडवलं होतं बहुतेक. शिव्या ऐकण्यासारख्या असतात तिच्या. मी हसत हसत कपाळ पुसलं, डोळे पुसले. ओठावर कापूस गेला आणि तिचा आवाज शब्दाच्या मधेच थांबला. मग पितळी भांडं पडून घरंगळत गेल्याचा आवाज. थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली, पण हळू.

बीपी असेल. पल्लवीला सांगायला पाहिजे.

१२ जुलै

दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. मी विचारलं, कोण पाहिजे मावशी. पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली की पेंटर, तुमी बी?

आवाज गोजरबाईचा होता.

मी तिच्याकडं नीट पाहिलं. डोळे होते, नाक होतं, गोंदण होतं. सगळं जागेवर. पण एक बघितलं की दुसरं निसटायचं. नजर ओल्या साबणावरून घसरावी तशी. मान वळवली आणि ती कशी दिसते ते मला सांगता येईना. मी, ज्यानं तिच्या तोंडाचे सात थर काढले.

ती सांगत होती की सकाळी रामकिशननं, तिच्या पोटच्या पोरानं, तिला विचारलं, आज्जी कोणाकडं आलात, आई कालपास्नं दिसंना, तुमी बघितलं का तिला. तिला आधी चेष्टा वाटली. मग तो रडला.

ती पडवीत बसली. मी तिला पाणी दिलं आणि डोळे मिटून तिचं बोलणं ऐकत राहिलो. डोळे मिटले की ती गोजरबाईच होती.

१५ जुलै

रामकिशननं आई हरवल्याची तक्रार दिली. फोटो द्यायला भिंतीवरची तसबीर काढली आणि हातात धरून उभाच राहिला. मला विचारलं, यातली माझी आई कोणती. त्या फोटोत एकच बाई आहे.

रेशनच्या दुकानात चेहरा जुळवायचं मशीन आहे. गोजरबाई गेली, तिच्यापुढं मशीन धरलं, तर ते म्हणे चेहरा समोर आणा. समोरच आहे, ती म्हणाली. पुन्हा तेच. रांगेतली माणसं हसली. कुणीही तिला ओळखलं नाही, पन्नास वर्षं ती त्या दुकानात जाते.

आज तिनं मला सांगितलं की मेले असते तर बरं होतं, फोटोला हार तरी पोरानं वळखून घातला असता.

मी असल्या गोष्टी मानत नाही. आमच्या घरात कुणी मानल्या नाहीत. पण टेबलावर ती बाहुली कोरी उभी आहे आणि मला आकडे जुळवता येतात. ओठावर कापूस. शब्द मधेच थांबला.

१८ जुलै

त्या कोऱ्या बाहुलीवर तिचं तोंड परत काढायचं ठरवलं. तिला पडवीत बसवलं. बघून काही हाती लागेना म्हणून स्वतःचे डोळे बांधले आणि तिला बोलायला सांगितलं. ती माहेरचं बोलली, शेळीचं बोलली, रामकिशनच्या बाळंतपणाचं बोलली. मी आवाजाच्या मागं हात चालवला. आंधळ्यानं वाट काढावी तसा. मग पट्टी सोडून बारीक काम केलं, चकाकी दिली, आणि वर तिच्याकडं पाहिलं.

तोंड उमटलं होतं. बघता येत होतं. पण ते तिचं नव्हतं.

ते माझं होतं. म्हणजे माझ्या हाताचं. पापणीचं ते वळण, नाकाच्या शेंड्यावरची ती सावली, जी मी प्रत्येक बाहुलीला देतो. ओठ किंचित उघडे काढायची माझी सवय, तसेच ते उघडे राहिले. ती बोलते तेव्हा आवाज त्या फटीतून येतो, ओठ हलत नाहीत. मी आरसा दिला. तिनं पाहिलं आणि ती रडू लागली. मला रडणं ऐकू येत होतं. तोंडावर काही नव्हतं. डोळे नुसते चकाकत होते.

रामकिशन आला, तिच्याकडं बघून मला विचारलं की पाहुणे आलेत का.

आणि तेव्हा मला अक्कूची बाहुली आठवली.

१९ जुलै

निलम मॅडमना फोन लावला. बाहुली परत पाहिजे म्हणालो तर कारण विचारतील. तीस वर्षं माणसं पटवून खाल्लं आहे मी. थाप तयार होती. म्हटलं, मॅडम, त्या रंगाचा डबा खराब निघाला, अंग पिवळं पडेल, परत पाठवा, नवी करून देतो.

त्या म्हणाल्या, अय्या, बरं झालं सांगितलंत. ती बाहुली त्यांनी परवाच हैदराबादच्या एका पेंटरबाईकडं पाठवली आहे, नवा चेहरा करायला. निळे डोळे, पांढरी कातडी, ओठ शिवल्यासारखे मिटलेले, तसली फॅशन आहे म्हणे. त्या बाईचं काम बरंच साचलंय, महिनाभर हात लागला नसता. पण आता मी तिला सांगते, त्या म्हणाल्या, आल्या आल्या आधी तुमचा रंग पुसून काढ.

मी खरं सांगितलं मग. सगळं. त्या हसल्या. दुसऱ्याच्या हाताखाली आपलं काम जाऊ नये असं प्रत्येक कलाकाराला वाटतं, असं म्हणाल्या. पुन्हा लावला तर फोन उचलेनात.

२० जुलै

पल्लवीला सांगितलं. ती चिडली, तुला झोप नाही, चल दवाखान्यात म्हणाली. तेवढ्यात गोजरबाई आत आली. पल्लवी दर आठवड्याला तिचं बीपी बघते. तिनं विचारलं, तुमचं नाव काय आज्जी. गोजरबाईनं त्या न हलणाऱ्या ओठांतून सांगितलं.

पल्लवी खाली बसली. मग उठून तिनं निलमला आपल्या फोनवरून लावलं, आई म्हणून बोलली, भांडली नाही, रडली नाही. हैदराबादचा पत्ता आणि नंबर मिळाला, पण ती पेंटरबाई फोन उचलेना. पार्सल उद्या पोहोचणार.

मी जातो म्हणालो. ती म्हणाली, नाही. मी जाते. मला तुझ्यासारखे कान नाहीत. काही झालंच तर तिला ओळखायला तूच इथं पाहिजेस.

फाट्यावर तिला हैदराबादच्या गाडीत बसवलं.

२१ जुलै, सकाळ

अक्कूला शाळेत पाठवली नाही. समोर बसवलं आहे. खेळ आहे म्हणून सांगितलं, बाबा लिहिणार आणि तू बोलायचं.

उजव्या गालावर खळी. खालच्या ओठाला चीर. डावी भुवई आधी वर जाते. कपाळावर केसांचा भोवरा. कानाची पाळी चिकटलेली, माझ्यासारखी. लिहून ठेवतो. लिहिलेलं पुसत नाही कुणी.

११.१०

पल्लवीचा फोन. गाडी वाटेत दीड तास अडकली होती. आत्ता रिक्षात बसली.

११.३५

पार्सल पोहोचलं. मोबाइलवर तसं आलंय. पेंटरबाई फोन उचलत नाही, काम करताना आम्ही कुणीच उचलत नाही —

११.५०

चुईं चुईं.

खोलीत कापूस नाही. बाटली नाही. दार बंद आहे. आवाज अक्कूच्या कपाळापाशी —

तिला येत नाही ऐकू. बाबा काय झालं विचारते आहे. म्हटलं, काही नाही, पाढे म्हण. तेराचा म्हण. थांबू नको.

तेरा एके तेरा.

उजव्या गालावर खळी. गाल — खळी आहे, पण कुठल्या — वर वाचलं, उजव्या. उजवा कुठला.

भुवई —

११.५५

समोर एक मुलगी बसली आहे. पाढे म्हणते आहे. आवाज माझ्या पोरीचा आहे. आवाज आहे अजून. मी डोळे मिटून लिहितो आहे, ओळी वाकड्या होत असतील, होऊ दे. तेरा चोक बावन्न. हीच ती. मी विसरणार नाही. पल्लवीला जिना चढायला किती वेळ —

चुईं थांबलं.

आता खसखस. स्प्रे न मारताच टोकदार पेन्सिल. ही बाई डाव्या डोळ्यापासून सुरू करते, हात हलका आहे, पटपट चालतो. पल्लवीचा फोन वाजतोय. दाराशी आहे म्हणते, बेल वाजवते आहे, आतून कुणी —

तेरा पाचे पासष्ट. म्हण बाळा. मोठ्यानं म्हण.

पेन्सिल खाली आली. नाकाखाली. वरच्या ओठाची कड. आता खालचा —

तेरा सक अठ्ठ्या